आई सीमधून डीमध्ये

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. कॉम्प्युटरमधलं मला कळतं! दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते म्हणून मला फक्त "बसा, नंबर आला की बोलावते" एवढंच येतं, असं समजू नका. दवाखान्यातला प्रिंटर रुसला की डॉक्टर मलाच हाक मारतात. मी त्याच्या डोक्यात एक टपली मारते आणि तो मुकाट चालू होतो. आता याला ज्ञान नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

तर अशा या ज्ञानी बाईनं, म्हणजे मी, ऐन चाळिशीत, स्वतःच्या कमाईतून एक गेम विकत घेतला. नवऱ्यासाठी नाही, कुणा भाच्यासाठी नाही. माझ्यासाठी! 'अग्निगड' त्याचं नाव. त्यात आपण एक तलवारवाली बाई असतो. डोंगरावर गड असतो, गडावर ड्रॅगन असतात, आणि आपण एकेकाला गाठून लोळवायचं असतं. दिवसभर ड्रिलची किर्रकिर्र ऐकून आणि "अजून किती वेळ?" या प्रश्नाला गोड हसून उत्तरं देऊन आलेल्या बाईला संध्याकाळी एखादा ड्रॅगन लोळवावासा वाटला, तर त्यात वावगं काय आहे? तरीपण मी हे घरात नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. उगाच लोक हसतात हो!

गेम कॉम्प्युटरवर टाकायला बसले, तर तो म्हणाला, सीमध्ये जागा नाही. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या कॉम्प्युटरमध्ये सामान ठेवायला दोन ड्राइव्ह आहेत. दोन कपाटं समजा. सी नवी, लहान आणि चटपटीत. मागायच्या आत वस्तू हातात ठेवते. डी जुनी, ऐसपैस आणि सुस्त. तिला काही मागितलं की ती आधी घरघरते, मग कण्हते आणि मग कुठे विचार करायला लागते. आता एखाद्या साध्या माणसानं कुणाला तरी विचारलं असतं, की बाबा रे, गेम कुठे टाकू? पण मला कळतं ना! जिथे जागा होती तिथे ठेवून दिला. डीमध्ये!

पहिला ड्रॅगन आला तो हप्त्याहप्त्यानं. आधी नुसती शेपटी आली. मी उठून पाणी पिऊन आले, तोवर एक पाय आला होता. दुसऱ्या पायाची वाट बघत बसले, तर पडद्यावर अक्षरं आली की तुम्ही जळून खाक झाला आहात. म्हणजे अंग यायला वेळ, पण जाळ मात्र वेळेवर!

शेवटी नाक मुठीत धरून मुंगळ्याला फोन लावला. मुंगळा म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणापासून एखाद्या गोष्टीला चिकटला की सुटत नाही म्हणून मुंगळा. हल्ली तो कॉम्प्युटरच्या दुकानात चिकटलाय. त्याच्याकडून पहिलं काय ऐकायला मिळालं असेल?

"ताई, गेम डीमध्ये टाकलास? तुला काही कळतं का गं?"

मग त्यानं समजावून सांगितलं. गेम कायम वेगवान ड्राइव्हमध्ये टाकायचा. जुनी गाणी, जुने फोटो असलं सामान सुस्त ड्राइव्हमध्ये पडून राहिलं तरी त्याचं काही अडत नाही. तेव्हा सीमधली सगळ्यात जास्त जागा कशानं खाल्लीये ते बघ आणि ते उचलून डीमध्ये टाक.

मी बघितलं. सगळ्यात जास्त जागा 'आई' नावाच्या फोल्डरनं खाल्ली होती.

इथे आईंची ओळख करून द्यायला हवी. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून रिटायर झाल्या. घरात कुणी शिंकलं तर आधी थर्मामीटर येतो आणि मग "काय झालं?" येतं. चादरीचे कोपरे असे दुमडतात की रोज झोपायला अंथरुणात शिरताना मला पाकिटात शिरल्यासारखं वाटतं. पण आमचं जमतं हं! संध्याकाळी मी दवाखान्यातून आले की आम्ही दोघी खिडकीत बसून चहा घेतो, आणि मी त्यांना कुणाची दाढ कशी निघाली ते साग्रसंगीत सांगते. त्या "रक्त किती गेलं?" असं आवडीनं विचारतात. अशी सासू कुणाला मिळते?

रिटायर झाल्यावर त्यांना गाण्याचा नाद लागला. मोबाइल समोर ठेवायचा, गायचं आणि रेकॉर्ड करायचं. सूर लागला नाही की तेच गाणं पुन्हा. पुन्हा नाही लागला की पुन्हा. एकही रेकॉर्डिंग पुसायचं नाही, कारण "कशावरून तेच बरं नसेल?" नवरा ती सगळी गाणी आपली सीमध्ये ओतत होता. फोल्डरला नाव दिलं होतं 'आई'.

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्या कॉलनीत चार बिल्डिंगा आहेत. आम्ही राहतो सी बिल्डिंगमध्ये. समोर डी बिल्डिंग आहे. सगळ्यात जुनी, खोल्या मोठ्या, लिफ्ट एकदम मंद. हे तुम्हाला मी आत्ता सांगतेय. त्या दिवशी ते माझ्या डोक्यात आलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं!

आई पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मुंगळा फोनवर काय म्हणत होता ते सोडा. मी काय म्हणत होते तेवढंच ऐका, कारण पलीकडे तेवढंच ऐकू जात होतं.

"अरे, सीमध्ये आता पाय ठेवायला जागा नाही! आणि सगळ्यात जास्त जागा कुणी अडवलीये माहितीये? आईंनी!"

"हो ना. मग आईंना डीमध्ये हलवते."

"डी जुनी आहे, घरघरते, मान्य. पण आईंना कुठे घाई असते?"

"नाही रे, टाकून कशा देणार? नवरा बोंबलेल ना!"

"ते खरं. रोज कोण उघडून बघतंय त्यांना? वर्षातून एकदा बघितलं तरी पुष्कळ."

"तू रविवारी येतोस? ये, ये! तोवर आईंची जागा रिकामी करून ठेवते."

फोन ठेवला आणि मोठ्या समाधानानं स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरायला घेतली. थोड्या वेळानं आई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात घडी घातलेला टॉवेल, पाठ ताठ.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "डीमध्ये हलवायचं ठरलंय ना?"

"अय्या, ऐकलंत? बरं झालं!" मी म्हटलं. "मी विचारणारच होते. तुमची हरकत नाही ना?"

"हरकत असून उपयोग काय? ठरवलेलंच दिसतंय सगळं."

"अहो, तुमच्याच सोयीचं आहे. तिथे ऐसपैस जागा. कितीही गा आणि कितीही पसरा! इथे नुसती कोंबाकोंबी झालीये."

"माझी कोंबाकोंबी होते?"

"तुमची म्हणजे तुमच्यामुळे सगळ्यांचीच!" मी गाजर चिरत चिरत म्हटलं. देवा, माझी जीभ तेव्हाच त्या गाजराबरोबर का चिरली गेली नाही!

आईंनी टॉवेलची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"आणि माझ्या जागी इथे कोण येणार?"

आता आली का पंचाईत! ड्रॅगन म्हणायची मला लाज वाटली. "ते... माझंच एक आहे," मी म्हटलं. "बरंच मोठं आहे. मुंगळा रविवारी येऊन सगळं नीट लावून देणार आहे."

"असं होय. मुंगळा येणार."

"हो ना. तोच म्हणाला, आईंना डीमध्ये टाक."

"मी सामान कमी केलं तर? अर्धंअधिक टाकून दिलं तर?"

"छे छे! काहीही टाकायचं नाही!" मला एकदम भरून आलं. म्हातारं माणूस स्वतःची गाणी टाकून द्यायला निघालंय! "अगदीच जागा पुरली नाही तर तुम्हाला दाबून बसवू. मुंगळ्याला येतं ते. नीट दाबलं की अर्ध्या जागेत मावतं सगळं."

आई एक पाऊल मागे सरकल्या.

"कधी हलवणार?"

"उद्या दवाखान्यातून आले की करते."

"तू कशाला? माझं मी बघते."

"तुम्हाला जमेल?"

"मी एका दुपारात अख्खा वॉर्ड हलवलाय. पेशंटसकट!"

मला वाटलं, काय हा उत्साह! या वयात नवीन शिकायची केवढी हौस! "नको नको, मीच करते," मी म्हटलं. "त्यात एक क्रम असतो. आधी तुम्हाला तिकडे ठेवायचं, तिथे नीट चालताय ना ते बघायचं, आणि मगच इथलं नामोनिशाण पुसून टाकायचं."

"कायमचं?"

"कायमचं. नाहीतर जागा कशी होणार?"

"बरं," आई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी चहा कपातच ठेवला. मी म्हटलं, घसा बसला असेल. इतकं गायल्यावर बसणारच.

नवरा घरी आल्यावर त्याच्याही कानावर घातलं. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो आणि कधीकधी काम घरी घेऊन येतो. तेव्हा तो कुणाच्या तरी चष्म्याची दांडी बसवत होता, आणि बारीक स्क्रू ओठांत धरला होता.

"आई डीमध्ये जायला तयार झाल्या हं!" मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. स्क्रू तोंडात असलेल्या माणसाला काही सांगू नये, हे मी त्या दिवशी शिकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कॉलनीच्या फाटकातून आत शिरले, तर वॉचमनकाका खुर्चीतून उठलेच नाहीत. एरवी ते "आज किती दात?" म्हणून हसून विचारतात. आज त्यांनी माझ्याकडे बघून मान दुसरीकडे फिरवली.

"काय काका, बरं नाही का?"

"आम्हाला काय धाड भरलीये? पण ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

कळलं वाटतं यांना! चाळिशीची बाई गेम खेळते हे फाटकापर्यंत पोचलं! नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही!

"त्यात काय झालं एवढं?" मी उसना ताठा आणून म्हटलं. "घरोघरी करतात लोक! माझ्या वयाच्याही करतात!"

"करत असतील. पण उघडउघड बोलत नाहीत. स्वतःच्या भावाला घरात घ्यायचं म्हणून..."

"भावाला? छे हो! भाऊ फक्त बसवायला येणार आहे. मला तिथे ड्रॅगन ठेवायचेत!"

वॉचमनकाका उठून उभे राहिले. "ड्रॅगन?"

"पुष्कळ आहेत. म्हणून तर सगळी जागा रिकामी करावी लागतेय!"

मी जिना चढेपर्यंत काका तसेच उभे होते. वाटेत दोघीतिघी बायका भेटल्या, त्यांनीही मला बघून आपापली दारं लावून घेतली. मला तर रागच आला. एवढा काय गुन्हा केला मी? जुगार खेळतेय का?

घरात आई नव्हत्या. गेल्या असतील शिवणवाल्या काकूंकडे, असं मला वाटलं. शिवणवाल्या काकू आईंच्या मैत्रीण. डी बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, दिवसभर मशीन चालवतात, आणि अख्ख्या कॉलनीत आईंचं गाणं शेवटपर्यंत ऐकणाऱ्या त्या एकट्याच. चला, आई यायच्या आत काम उरकून टाकू म्हणून मी चप्पलसुद्धा न काढता कॉम्प्युटरसमोर बसले.

'आई' उचलल्या आणि डीमध्ये सोडल्या. डी घरघरली, कण्हली, पण एकेक गाणं गिळत गेली. शेवटी दोनचार गाणी उघडून बघितली. आईंचा आवाज अगदी ठणठणीत! मग सीमधल्या 'आई'वर बोट ठेवलं आणि पुसायला सांगितलं. त्यावर कॉम्प्युटरनं विचारलं, खात्री आहे का?

नेमका तेव्हाच नवरा दारात आला. मी मागे न बघताच ओरडले, "अरे, हा विचारतोय, आईंना कायमचं काढून टाकायचं का! म्हणू का हो?"

उत्तराला थांबतेय कोण! मीच हो म्हणून टाकलं.

"झालं!" मी खुर्ची फिरवली. "सुटले बाई एकदाची! काय मोकळं मोकळं वाटतंय!"

नवऱ्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. "वॉचमनकाका म्हणाले, तेव्हा माझा विश्वास बसला नाही," तो म्हणाला. "आई कुठे आहे?"

"डीमध्ये! आत्ताच हलवल्या."

"हातगाडीवर घालून?"

"हातगाडी कशाला? माऊसनं!"

तो तडक आईंच्या खोलीत गेला आणि मी त्याच्या मागोमाग गेले.

कपाट उघडं होतं आणि आत काही नव्हतं. खिडकीतली खुर्ची नव्हती. पलंगावर उघडी गादी होती. चादर नव्हती, उशी नव्हती, थर्मामीटरची डबी नव्हती. गाजर चिरताना मी काय काय बोलले होते ते सगळं एकेक करून आठवायला लागलं. कोंबाकोंबी. दाबून बसवू. नामोनिशाण पुसून टाकू. आणि त्या बाईनं, जिनं माझ्या तापात माझ्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तिनं हे सगळं उभ्यानं ऐकून घेतलं होतं आणि "बरं" म्हटलं होतं!

"अरे, त्यांना वाटलं मी त्यांनाच..." मी नवऱ्याचा हात धरला.

"मग तू कुणाला हलवत होतीस?"

"फोल्डरला!"

नवऱ्यानं कपाळावर हात मारला आणि आम्ही धावत सुटलो. डी बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरलो, जाळीचं दार ओढलं, तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट घरघरली, कण्हली, आणि दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या अधेमधे येऊन थांबली. एकदम बंद!

आता माझ्यात थांबायचा धीर नव्हता. मी जाळीला दोन्ही हात लावून ओरडले, "आई! आई, मी तुम्हाला नाही हो काढलं! मी तुमची गाणी काढली!"

वरती दार उघडल्याचा आवाज आला. मग माझ्या डोळ्यांसमोर, वरच्या मजल्याच्या फरशीवर, आईंच्या चपला येऊन उभ्या राहिल्या. मागोमाग शिवणवाल्या काकूंच्या चपला आल्या. खालच्या जिन्यावरूनही दारं उघडल्याचे आवाज यायला लागले.

"कोण ओरडतंय?" आईंचा मेट्रनचा आवाज.

"मी! मी आहे हो! आई, माझं ऐका! ती सी म्हणजे आपली सी नाही. कॉम्प्युटरमध्ये पण एक सी असते, आणि एक डी असते. तुमची गाणी सीमध्ये होती. ती मी डीमध्ये टाकली. फोल्डरचं नाव 'आई' आहे! यानं दिलंय!" मी नवऱ्याला पुढे ढकललं.

"मीच दिलंय," नवरा चपलांकडे बघून म्हणाला.

आईंची एक चप्पल पुढे सरकली.

"मग तुझ्या भावाला माझी खोली नकोय?"

"त्याला त्याचीच खोली आवरत नाही, तुमची घेऊन काय करणार?"

"आणि ते दाबून बसवणं?"

"गाणी हो, गाणी! गाणी दाबता येतात!"

"मग माझ्या जागी येणार होतं ते कोण?"

आता सगळी डी बिल्डिंग जिन्यात जमली होती. खालून कुणीतरी "जोरात बोला!" असंही म्हणालं. मी डोळे मिटले.

"ड्रॅगन," मी म्हणाले. "मी गेम घेतलाय. मी तलवारीनं ड्रॅगन मारते. म्हणजे, अजून एकही मेला नाही. डीमध्ये ते फार हळू येतात, म्हणून मला सी हवी होती. बाकी काही नाही हो आई, शपथ!"

वरून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडताहेत. मग दुसरा आला, आणि मग दोन्ही चपलांचे जोड गदागदा हलायला लागले. आई हसत होत्या! काकूही हसत होत्या, आणि त्या हसण्यात खालचा जिनाही सामील झाला. त्या हसण्यानं म्हणा की कशानं म्हणा, लिफ्टनं एक गचका दिला आणि ती मुकाट वर चढली. दार उघडताच मी आईंच्या गळ्यात पडले आणि ढसाढसा रडले. रडता रडता हसूही येत होतं, त्यामुळे उचकी लागली. आईंनी लगेच माझी नाडी बघितली.

काकूंनी आईंना त्यांची पुढची खोली दिली होती. कितीतरी दिवस ती रिकामीच होती. पलंगावर पाकिटासारखी चादर घातलेली, खिडकीत खुर्ची, टेबलावर थर्मामीटरची डबी. एका दुपारात सगळं जागच्या जागी!

"चला आई, घरी चला," मी डोळे पुसत म्हटलं. "सामान आम्ही दोघं उचलतो."

"नाही येत," आई म्हणाल्या.

"रागावलात?"

"काल रागावले होते. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. चहा उतरेना घशाखाली. म्हटलं, माझं काय चुकलं म्हणून हिनं असं करावं? पण म्हटलं, जायचंच तर ताठ मानेनं जायचं." त्यांनी खुर्चीवर बसून पाय पसरले. "मग आज इथे आले, खिडकी उघडली, आणि अगं, घसा मोकळा करून गायले! 'आई, जरा हळू, मॅच चालू आहे' म्हणायला कुणी नाही!"

नवरा छताकडे बघायला लागला.

"आधी हॉस्टेल, मग वॉर्ड, मग संसार," आई म्हणाल्या. "दार माझं, खिडकी माझी, अशी खोली मला कधी मिळालीच नव्हती. मला फार आवडलीये गं ही. तुम्ही आता मला परत न्यायला आलात तर मात्र मी खरंच रागावेन."

"म्हणजे आम्ही नकोसे झालो?" मी म्हटलं.

"वेडी आहेस का? इथून तुमचं स्वयंपाकघर दिसतं. दूध उतू जायला लागलं तर मी इथूनच ओरडेन. जेवायला तिकडेच येणार. भांडी मात्र तुमची तुम्ही घासायची."

मी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "राहू दे गं इथेच. मला मशीनवर बसल्या बसल्या गाणं ऐकायला मिळतं."

आई खूश, काकू खूश. नवरा तर आतल्या आत मॅचच्या आवाजाचा विचार करून खूश दिसत होता. मीही म्हटलं, चला, शेवट गोड झाला.

"फक्त एक अडचण आहे," आई म्हणाल्या. "माझी गाणी कुठे ठेवलीस म्हणालीस?"

"डीमध्ये."

"या डीमध्ये?"

"नाही हो, त्या डीमध्ये. कॉम्प्युटरमधल्या."

"मग ती डी या डीमध्ये आणून ठेव."

ज्या बाईला आपण आदल्या दिवशी दाबून बसवायला निघालो होतो, तिला नाही कसं म्हणायचं? मी चोरून मुंगळ्याला फोन केला. म्हटलं, डी तिकडे देऊन सी तेवढी घरी ठेवता येईल का रे? तो म्हणाला, ताई, नुसती सी घेऊन तू काय तिला कपाळाला लावणार आहेस का?

रविवारी मुंगळा आला. त्यानं कॉम्प्युटर हातगाडीवर घालून डी बिल्डिंगमध्ये नेला आणि आईंच्या खोलीत मांडला. अग्निगड डीमधून काढून सीमध्ये टाकला. ड्रॅगन असे सपासप यायला लागले की विचारू नका! मग ठरलं. दवाखान्यातून आले की मी सीमध्ये पर्स टाकायची, चहाचा थर्मास घ्यायचा आणि डीमध्ये जाऊन सीमधला गेम खेळायचा. हे मी वॉचमनकाकांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी हात जोडले.

पहिल्या संध्याकाळी आई माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. मला वाटलं, बिचाऱ्यांना यातलं काय कळणार.

"डावीकडून येतोय!" त्या ओरडल्या. "अगं, तलवार काय परजतेस, आधी जखम बघ! औषधाची बाटली घे! ती नाही, लाल! अर्धीच पी, पुढच्याला लागेल!"

मी मेले.

"पेशंट गेला," आई म्हणाल्या. "पुन्हा सुरू कर."

त्या आठवड्यात मी पुष्कळदा मेले. आई शेजारी बसून बघत होत्या आणि माझ्या बोटांकडे लक्ष ठेवून होत्या. कुठलं बटण कशाचं, असं मधूनमधून विचारतही होत्या. मीही हौसेनं सांगत होते. शिकवायला मला आवडतं. कळतं ना मला!

काल संध्याकाळी थर्मास घेऊन गेले, तर दार उघडंच. काकू मशीन थांबवून, मांडीवर अर्धवट शिवलेला झगा घेऊन पडद्याकडे टक लावून बसल्या होत्या. आई खुर्चीत ताठ बसलेल्या, डोक्याला माझे हेडफोन, एक हात माऊसवर. पडद्यावर गडाचा सगळ्यात वरचा बुरूज होता. त्या बुरुजाच्या पायथ्यापर्यंतसुद्धा मी कधी पोचले नव्हते. खाली ड्रॅगन रांगेनं आडवे पडलेले, वॉर्डात पेशंट झोपवावेत तसे.

"आलीस?" आईंनी हेडफोन जरा बाजूला केला. "दमली असशील. मोठे सगळे आटपले मी दुपारीच. तुझ्यासाठी एक ठेवलाय."

"एकच?"

"लहान आहे गं. फारसा अंगावर येत नाही, तुला जमेल. आधी हात धुऊन ये."

मी मुकाट हात धुवायला गेले.